६३ वॅटपासून हजार वॅटपर्यंत : संगणकाच्या विद्युतपुरवठ्याची गोष्ट

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला पहिला वैयक्तिक संगणक, म्हणजे पीसी, जाहीर केला. त्याच्या मागच्या कोपऱ्यात पत्र्याचा एक डबा बसवलेला होता. घरातली वीज घेऊन ती संगणकाला मानवेल अशी करून देणे हे त्या डब्याचे काम, आणि त्याची क्षमता होती ६३.५ वॅट. पूर्वी आपल्या वर्गात लटकणाऱ्या ६० वॅटच्या दिव्याहून किंचित जास्त. आज वेगवान संगणक जोडून घ्यायला गेलो, तर दुकानदार साडेसातशे, साडेआठशे, कधीकधी हजार वॅटचा ‘एसएमपीएस’ सुचवतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत संगणकाची भूक पंधरापट वाढली, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण एवढ्यावर थांबलो तर या इतिहासातला महत्त्वाचा भाग निसटतो, आणि नवा डबा निवडताना चूकही तिथेच होते.

त्या ६३.५ या आकड्याची फोड करून पाहू. हा गुणाकार आठवीचा विद्यार्थीही करू शकेल. डब्यातून चार वेगवेगळ्या दाबांची वीज बाहेर पडत असे. अधिक ५ व्होल्टला ७ अँपिअर, म्हणजे ३५ वॅट. अधिक १२ व्होल्टला २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट. उणे ५ व्होल्टला ०.३ अँपिअर, म्हणजे दीड वॅट. उणे १२ व्होल्टला पाव अँपिअर, म्हणजे ३ वॅट. बेरीज बरोबर ६३.५.

या चार ओळींपैकी कोणतीही एक अपुरी पडली की संगणक बंद पडतो. मग उरलेल्या तिन्ही ओळींत कितीही शिल्लक असो. घरात पन्नास किलो धान्य आहे एवढे सांगून स्वयंपाक होत नाही, तांदूळ किती आणि डाळ किती हे पाहावे लागते. तसेच हे आहे. त्या काळच्या पीसीत अर्ध्याहून जास्त वीज ५ व्होल्टवर खर्च होई, कारण बहुतेक चिप्स ५ व्होल्टवर चालत. १२ व्होल्टची गरज मुख्यतः फ्लॉपीच्या मोटरला. आज हे प्रमाण जवळजवळ पूर्ण उलटे झाले आहे. ते कसे झाले, हाच या लेखाचा विषय.

थोडे मागे जाऊ. १९४६ साली लोकांपुढे आलेल्या एनिॲक या अमेरिकी संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज खात असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला टिफ्रॅकही निर्वात नळ्यांचाच. अशा यंत्रांचा विद्युतपुरवठा हे स्वतंत्र कपाटांचे आणि स्वतंत्र अभियंत्यांचे काम होते. टेबलावर मावणाऱ्या संगणकात तो चैनीचा प्रश्न उरला नाही. तेथे जागा कमी, आणि उष्णता बाहेर टाकायची सोयही कमी.

१९७५ साली आलेला आल्टेअर ८८०० हा छंदिष्टांचा संगणक या अडचणीचा चांगला नमुना आहे. त्यात ५० किंवा ६० हर्ट्झवर चालणारा लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर घरातली वीज सुमारे ८ व्होल्टपर्यंत उतरवी. मग प्रत्येक कार्डावरची एक छोटी चिप त्या ८ व्होल्टमधले वरचे ३ व्होल्ट अडवून खाली स्थिर ५ व्होल्ट देई. अडवलेल्या ३ व्होल्टचे होते काय? त्यांची उष्णता होते. म्हणजे प्रत्येक ८ जूलपैकी ३ जूल कार्ड तापवण्यात जात. कार्यक्षमता ६२ टक्क्यांच्या आसपास, आणि तीही ट्रान्सफॉर्मरमधले नुकसान न धरता. या पद्धतीला रेषीय पद्धत म्हणतात. ती साधी आणि स्वच्छ आहे. ध्वनिवर्धकात किंवा मोजमापाच्या नाजूक उपकरणांत मी आजही तीच पसंत करीन. पण संगणकाच्या डब्यात ती परवडत नाही.

तोडजोडीची युक्ती

दुसरी पद्धत आहे ती तोडजोडीची, इंग्रजीत ‘स्विचिंग’. एसएमपीएसमधला पहिला ‘एस’ त्याचाच. दुकानातले लोक हा शब्द रोज उच्चारतात, पण त्याचा अर्थ विचारला तर बहुतेक जण हसून विषय बदलतात.

ट्रान्सफॉर्मर जड का असतो, येथून सुरुवात करू. गाभ्यातले चुंबकीय क्षेत्र दर आवर्तनाला उभे राहते आणि उतरते, आणि प्रत्येक आवर्तनात ठरावीक ऊर्जा पलीकडे पोचते. सेकंदाला ५० आवर्तने असतील तर प्रत्येक खेपेला मोठा बोजा न्यावा लागतो, म्हणून गाभा मोठा. सेकंदाला पन्नास हजार आवर्तने केली तर खेपा हजारपट होतात आणि प्रत्येक खेपेचा बोजा हजारांश. गाभा मुठीत मावतो. म्हणून एसएमपीएस आधी घरातली एसी वीज सरळ डीसी करतो. आपल्या २३० व्होल्टची शिखरे सुमारे ३२५ व्होल्टची असतात, तेवढ्या दाबावर एक धारित्र भरले जाते. मग एक ट्रान्झिस्टर ती डीसी वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. तो एक तर पूर्ण बंद असतो किंवा पूर्ण चालू. बंद असताना त्यातून धारा नाही, चालू असताना त्याच्यावर दाब जवळजवळ नाही. धारा आणि दाब यांचा गुणाकार दोन्ही वेळा लहान, म्हणून तो फार तापत नाही. त्यापुढे लहानसा फेराइट गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, आणि बाहेर पुन्हा डीसी. बाहेरचा दाब घसरू लागला, तर ट्रान्झिस्टर दर वेळी थोडा जास्त वेळ चालू राहतो. दाब स्थिर ठेवण्याची सारी किमया एवढीच.

हा डबा घरगुती संगणकात प्रथम गाजला तो १९७७ साली, ॲपल-२ या संगणकात. स्टीव्ह जॉब्झला पंख्याचा आवाज नको होता. रॉड हॉल्ट या अभियंत्याने त्याला न तापणारा, पंखा न लागणारा छोटा एसएमपीएस करून दिला आणि १९७८ साली त्याचे पेटंटही मिळाले. पुढे जॉब्झच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रात असा दावा आला, की त्यानंतरचा प्रत्येक संगणक हॉल्टच्या रचनेची नक्कल करतो.

हे मला पटत नाही, आणि शिक्षकांनी ही कथा वर्गात सांगण्यापूर्वी थोडे थांबावे असे वाटते. तोडजोडीचे पुरवठे त्याआधी किती तरी वर्षे होते. १९६२ साली अंतराळात गेलेल्या टेलस्टार या दळणवळण उपग्रहात ही पद्धत वापरलेली होती. तिथे तर प्रत्येक ग्रॅम आणि प्रत्येक वॅट मोजून घ्यावा लागे. अडचण होती ती महागाईची. शेकडो व्होल्ट झेलत झपाट्याने उघडझाप करील असा ट्रान्झिस्टर स्वस्तात मिळत नव्हता. साठच्या दशकाच्या अखेरीपासून असे ट्रान्झिस्टर मिळू लागले. १९७६ साली सिलिकॉन जनरल कंपनीने एसजी-१५२४ ही चिप आणली आणि पूर्वी पाचपन्नास सुट्या भागांनी होणारे नियंत्रणाचे काम एका चिपमध्ये आले. हॉल्टचे काम सुंदर होते यात शंका नाही. पण नदीला पूर आला असताना पहिली होडी कोणी सोडली, एवढाच तो प्रश्न आहे. पूर आणला होता अर्धवाहकांनी.

पाचाचे राज्य

आयबीएमच्या पुढच्या यंत्रांत आकडे वाढत गेले. १९८३ च्या एक्सटीत १३० वॅट, १९८४ च्या एटीत १९२ वॅट. कारण हार्ड डिस्क आली. तरी मोठा वाटा ५ व्होल्टचाच. एटीच्या ५ व्होल्टच्या तारेला १९.८ अँपिअरची क्षमता होती, म्हणजे ९९ वॅट.

एटीची एक गंमत वर्गात सांगण्याजोगी आहे. हे डबे अगदीच रिकामे चालले तर नीट चालत नसत. थोडे तरी काम त्यांना लागेच. म्हणून हार्ड डिस्क नसलेल्या एटीत आयबीएम १२ व्होल्टच्या तारेवर ५ ओहमचा जाडजूड रोध जोडून पाठवी. ओहमच्या नियमाने धारा २.४ अँपिअर आणि उष्णता २८.८ वॅट. म्हणजे नसलेल्या डिस्कच्या जागी एक छोटी शेगडीच. कमी क्षमतेचा डबा घातक, हे सर्वांना कळते. जास्त क्षमतेचा डबाही फुकट नसतो, हे या रोधाने तेव्हाच सांगितले होते.

आपल्याकडे याच पिढीतल्या डब्यांच्या पाठीवर एक छोटा लाल खटका असे : ११५ आणि २३०. ११५ च्या बाजूला तो असला की आतले मंडल दाब दुप्पट करी. त्या स्थितीत भारतातली वीज दिली तर ३२५ च्या जागी साडेसहाशे व्होल्ट तयार होत. आतली दोन धारित्रे प्रत्येकी सुमारे २०० व्होल्टची. परिणाम काय होई ते ज्यांनी तो आवाज ऐकला आहे त्यांना सांगायला नको. आजचे चांगले डबे १०० ते २४० व्होल्ट आपोआप स्वीकारतात, खटका राहिलेला नाही. पण शाळेच्या अडगळीतला जुना संगणक मुलांना उघडून दाखवायचा असेल, तर आधी तो खटका पाहावा. आणि डबा मात्र उघडू नये : बंद केल्यानंतरही ते धारित्र बराच वेळ भरलेले असू शकते.

त्या धारित्राचा दुसरा उपयोगही आपल्याला जवळचा आहे. आपल्याकडे वीज क्षणभर डोळा मिचकावते. समजा धारित्र २२० मायक्रोफॅरडचे आहे आणि दाब ३२० व्होल्ट. त्यात सुमारे ११ जूल साठलेले असतात. दाब २४० व्होल्टपर्यंत उतरेपर्यंत त्यांपैकी ५ जूल वापरता येतात. ३०० वॅटच्या भाराला ते सुमारे १६ मिलिसेकंद पुरतात. साधा यूपीएस साधारण दहा मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर येतो, म्हणून आपला मजकूर वाचतो. निकृष्ट डब्यात हेच धारित्र लहान बसवून पैसे वाचवलेले असतात. मग यूपीएस असूनही संगणक बंद पडतो, आणि दोष यूपीएसवर येतो.

दाब उतरला, धारा चढली

आता या कथेचा मध्य. चिपमधले ट्रान्झिस्टर उघडझाप करताना जी शक्ती खर्च होते, ती दाबाच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात असते. १९९३ साली आलेला ६६ मेगाहर्ट्झचा पेन्टियम ५ व्होल्टवर चाले आणि कमाल १६ वॅट घेई. पुढच्याच वर्षी १०० मेगाहर्ट्झचा पेन्टियम ३.३ व्होल्टवर आला. वेग दीडपट झाला, तर शक्ती २४ वॅट व्हायला हवी होती. पण दाबाच्या वर्गाचे प्रमाण ०.४४. गुणाकार केला तर साडेदहा वॅट मिळतात. प्रत्यक्षातला आकडा सुमारे १०. पाठ्यपुस्तकातले सूत्र इतके नेमके उतरलेले पाहणे हा आनंदाचा भाग आहे.

दाब उतरवण्याची ही वाट मग सगळ्यांनी धरली. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हा नवा आराखडा मांडला, त्यात ३.३ व्होल्टची स्वतंत्र ओळ आली. पण वेग आणि ट्रान्झिस्टरांची संख्या इतकी वाढली, की दाब उतरूनही शक्ती चढत राहिली. २००४ च्या पेन्टियम-४ च्या एका प्रकाराला ११५ वॅट लागत, तेही सुमारे १.४ व्होल्टवर. भागाकार केला तर ८२ अँपिअर! मोटार सुरू करताना बॅटरीतून जाते त्या तोडीची धारा एका नखाएवढ्या चिपमध्ये. एवढी धारा डब्यापासून तारेने आणणे अशक्य. म्हणून मदरबोर्डावर, प्रोसेसरच्या अगदी शेजारी, तोडजोडीचेच छोटे मंडल बसवतात आणि तेथे दाब उतरवतात.

तर मग डब्यापासून त्या मंडलापर्यंत वीज कोणत्या दाबाने आणावी? ५ व्होल्टने आणली तर ११५ वॅटसाठी २३ अँपिअर, १२ व्होल्टने आणली तर दहाच्याही आत. तारेतले नुकसान धारेच्या वर्गाच्या प्रमाणात. ५ ऐवजी १२ घेतले की ते पावणेसहापट कमी होते. महापारेषण कोयनेची वीज उच्चदाबाने का आणते, याचे जे उत्तर आपण विद्यार्थ्यांना देतो, तेच उत्तर अर्ध्या मीटरच्या तारेला लागू पडले. २००० साली एटीएक्सच्या आराखड्यात प्रोसेसरसाठी चार टोकांची वेगळी १२ व्होल्टची जोडणी आली, आणि २००३ च्या सुधारणेत डब्याची बहुतेक ताकद १२ व्होल्टवर असावी असे ठरले.

याच संक्रमणात घोळ झाला. डब्यावरचा मोठा आकडा तोच राहिला, आतली वाटणी बदलली. ‘४०० वॅट’ लिहिलेला जुन्या वाटणीचा डबा आणि ‘४०० वॅट’ लिहिलेला नव्या वाटणीचा डबा या दोन वेगळ्या वस्तू होत्या. शिवाय आपल्याकडे कॅबिनेटबरोबर जो एसएमपीएस जवळजवळ फुकट येई, त्याच्यावरचा आकडा तर सजावटीचाच भाग असे. आमच्या शेजारच्या प्रयोगशाळेत असा एक ‘४५० वॅट’चा डबा होता. आकडेमोड रात्रभर बिनतक्रार चाले. त्रिमिती चित्र फिरवायला घेतले की संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू. महिनाभर विषाणू शोधून झाले, मेमरी बदलून झाली. शेवटी कोणीतरी डब्याची पाटी वाचली : १२ व्होल्टला १४ अँपिअर. म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर ९५ वॅटचा, चित्रांचे कार्ड ११० वॅटचे, बेरीज २०५. पाटीवरच्या सगळ्या ओळींची बेरीजसुद्धा ४५० भरत नव्हती!

कार्यक्षमतेचा प्रश्न अमेरिकेत २००४ साली ‘८० प्लस’ या प्रमाणपत्राने धसाला लागला. २०, ५० आणि १०० टक्के भाराला किमान ८० टक्के कार्यक्षमता ही त्याची मूळ अट. पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आल्या. शाळेला याचा हिशेब असा. प्रयोगशाळेत २० संगणक, प्रत्येकाला आत १०० वॅट लागतात. ७० टक्क्यांचा डबा भिंतीतून १४३ वॅट घेतो, ९० टक्क्यांचा १११. फरक ३२ वॅट. दिवसाला ६ तास, वर्षाला २०० दिवस धरले तर वीस संगणकांचे ७६८ युनिट होतात. मात्र ही टक्केवारी फार कमी भाराला टिकत नाही. ८० वॅट लागणाऱ्या संगणकाला हजार वॅटचा डबा लावला, तर प्रमाणपत्रातल्या आकड्यांचा आधारच सुटतो. आणि हेही लक्षात घ्यावे, की ही पायरी कार्यक्षमता सांगते. डबा किती वर्षे टिकेल ते सांगत नाही.

शेवटचा मोठा बदल चित्रांच्या कार्डांनी घडवला. २००४ पासून आलेल्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेतून कार्डाला ७५ वॅट मिळतात. त्यावर सहा टोकांच्या जोडणीने आणखी ७५, आठ टोकांच्या जोडणीने १५०. सगळे मुख्यतः १२ व्होल्टवर. २०२२ साली एटीएक्स ३.० बरोबर बारा जाड टोकांची एकच जोडणी आली, ६०० वॅटपर्यंत. म्हणजे ५० अँपिअर, सहा तारांत वाटून प्रत्येकी ८.३. जुन्या आठ टोकांच्या जोडणीत १५० वॅट तीन तारांत, प्रत्येकी ४.२. धारा दुप्पट, स्पर्शातली उष्णता चौपट, आणि टोक मात्र आधीपेक्षा लहान. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ४५० वॅटचे आरटीएक्स ४०९० कार्ड बाजारात आले आणि काही आठवड्यांतच वितळलेल्या जोडण्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. जोडणी पूर्ण आत न बसणे हे एक कारण निर्मात्यांनी सांगितले. २०२३ मध्ये जोडणीची रचना सुधारली गेली. माझ्या मते, हाताने बसवायच्या वस्तूत चुकीला इतकी कमी जागा ठेवणे हाच मूळ दोष होता.

याच आराखड्याने आणखी एक गोष्ट मान्य केली : ही कार्डे क्षणभर आपल्या मर्यादेच्या कितीतरी वर उसळतात. म्हणून अशा डब्याने मायक्रोसेकंदांच्या उसळीला आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार झेलला पाहिजे, असे त्यात लिहिले आहे.

आता निवड कशी करायची ते उघडच आहे. २५० वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर, ४५० वॅटचे कार्ड, पंखे-डिस्क-मेमरी मिळून ८० ते १००. बेरीज आठशे, म्हणून हजारचा डबा, आणि पाटीवर १२ व्होल्टला ८० अँपिअरच्या आसपास लिहिलेले हवे. उलट, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या संगणकात वेगळे कार्ड नसतेच. प्रोसेसर शंभराच्या आसपास, बाकीचे पन्नास. तेथे प्रमाणपत्र असलेला ३०० ते ४०० वॅटचा डबा भरपूर झाला. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून साडेसातशेचा घेण्यात जे पैसे जातात, त्यात चांगले अर्थिंग करून होते. आणि आपल्याकडच्या अनेक शाळांत खरी उणीव त्याचीच असते.

तयार संगणक घेणाऱ्यांनी मात्र एक पाहावे. २०२० च्या सुमारास इंटेलने असा आराखडा पुढे आणला आहे, की डब्याने फक्त १२ व्होल्टच द्यावेत. ५ आणि ३.३ व्होल्ट लागतील तेथे मदरबोर्डाने स्वतः तयार करावेत. काही मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत अशी रचना आधीपासूनच आहे. अशा यंत्राचा डबा बिघडला, तर बाजारातला नेहमीचा चोवीस टोकांचा एसएमपीएस त्याला बसत नाही. खरेदीच्या वेळीच झाकण उघडून जोडणीची टोके मोजून घ्यावीत : चोवीस असतील तर सुटा डबा कोणत्याही दुकानात मिळेल, दहा किंवा त्याहून कमी असतील तर तो त्याच कंपनीकडे मागावा लागेल.